आलेस्सांद्रो व्होल्टा आणि कृत्रिम मासा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेवर आमच्या नात्यातले एक घर आहे. शिंद्यांच्या फौजेमागून उत्तरेत गेलेली आणि तिथल्या मातीत रुजलेली जी अनेक मराठी घराणी आहेत, त्यांपैकीच हे एक. या घरातल्या भाच्याने एक छोटी कयाक घेतली आणि तीवर बसवायला मासे शोधणारे यंत्र मागवले. शहराला पाणी पुरवणाऱ्या तिघरा जलाशयावर रीतसर परवानगी काढून फिरावे, पाण्याखालचा तळ आणि माशांचे थवे पडद्यावर पाहावेत, एवढाच त्याचा हेतू. यंत्र आले, पण त्याला बॅटरी कोणती जोडावी हे ठरेना. गोव्यात राहणाऱ्या माणसाला पाण्यातले सगळे कळते, अशी उत्तरेकडे एक गोड समजूत आहे. त्यामुळे मी तिथे गेलो असता मलाही नई सडकेवरच्या दुकानात नेण्यात आले.

दुकानदाराने फळीवर तीन बॅटऱ्या मांडल्या. पहिली शिशाची, बंद पेटीतली, सात अँपिअर-तासांची. उचलताना मनगटाला जाणवेल अशी, दोन किलोंच्या वर. दुसरी तेवढ्याच क्षमतेची, पण लिथियम आयर्न फॉस्फेटची. वजन किलोभरही नाही, किंमत मात्र कितीतरी अधिक. तिसरी साध्या लिथियम घटांचा स्वस्तातला जुडगा. तिन्हींवर बारा व्होल्ट असेच लिहिलेले. हिशेब तसा सोपा होता. असे लहान यंत्र अर्धा ते पाऊण अँपिअर वीज खाते. आठ तास पाण्यावर राहायचे म्हणजे सुमारे पाच अँपिअर-तास हवेत. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करत गेल्यास तिचे आयुष्य लवकर सरते; म्हणजे सातातले साडेतीनच हाताशी उरतात, आणि पुरेल अशी बारा अँपिअर-तासांची घ्यावी तर जवळपास चार किलोंचे ओझे कयाकीत येते. तिसऱ्या जुडग्यात तीनच घट एकापुढे एक जोडलेले. भरलेला असताना तो साडेबारा व्होल्ट दाखवतो, पण सरत जाताना दहाच्या खाली उतरतो, आणि काही यंत्रे बॅटरीत वीज शिल्लक असतानाच डोळे मिटतात. मधल्या बॅटरीत सव्वातीन व्होल्टच्या आसपासचे चार घट असतात आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत त्यांचा दाब फारसा ढळत नाही. भाच्याने तीच घेतली, तिला साजेसा चार्जर घेतला, आणि धन टोकाजवळच एक लहान फ्यूज बसवून घेतला.

हा व्यवहार चालला असताना माझे लक्ष त्या बारा या आकड्यापुढच्या अक्षराकडे होते. ते अक्षर म्हणजे एका माणसाचे आडनाव आहे. हा माणूस सरोवराच्या काठी जन्मला, होडीत बसून पाण्याचा तळ ढवळत बसला, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने जगातली पहिली बॅटरी तयार केली ती एका माशाच्या शरीराकडे पाहून. मासे शोधायला बॅटरी लागते हे आज आपण पाहतो; बॅटरी शोधायला आधी मासा लागला होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

आलेस्सांद्रो व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीतल्या कोमो गावी झाला. घराणे कुलीन, पण हात आखडलेला. घरात धर्मसेवेची परंपरा इतकी की वडील फिलिप्पो स्वतः अनेक वर्षे जेज्विटांच्या मठात काढून संसारात परतलेले, आणि आलेस्सांद्रोच्या भावंडांपैकीही कितीतरी पुढे पाद्री किंवा जोगिणी झाली. हा मुलगा चार वर्षांचा होईतो बोलेचना. घरच्यांनी तो मुका किंवा मंद आहे असे मनाशी धरले होते. सातव्या वर्षापर्यंत तो बरोबरीच्या मुलांना गाठून पुढेही गेला. पण त्याच सुमारास वडील वारले आणि त्याचे पालनपोषण धर्मपदावर असलेल्या काकांकडे आले. शाळा जेज्विटांची. गोव्याच्या वाचकाला हा संघ नवा नाही. हुशार मुलगा पारखून त्याला आपल्यात ओढण्याची त्यांची हातोटी कोमोतही तीच होती. शिक्षकांनी तसा प्रयत्न केला, काकांना तो रुचला नाही, आणि त्यांनी मुलाला शाळेतून काढून घेतले. काकांची इच्छा त्याने वकील व्हावे अशी होती. त्याने तेही केले नाही. श्रीमंत मित्र गात्तोनी याच्या घरी उपकरणे होती. तिथे बसून तो विजेचे खेळ करीत राहिला आणि युरोपातल्या नामवंतांना पत्रे धाडीत राहिला. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही.

१७७४ साली कोमोच्या सरकारी शाळांवर देखरेख करण्याची जागा त्याला मिळाली, आणि पुढच्याच वर्षी त्याने इलेक्ट्रोफोरस हे उपकरण पुढे आणले: राळेची तबकडी एकदा घासली की तिच्याकडून धातूच्या झाकणावर पुन्हापुन्हा वीज घेता येते. मूळ कल्पना स्वीडनच्या विल्के याला आधी सुचली होती. पण वापरण्याजोगे यंत्र व्होल्टाने केले, आणि त्याच्या स्वभावाची ती खूण आहे. तो मोठ्या सिद्धान्तांच्या मागे धावणारा नव्हता. हाताला लागेल, मोजता येईल, दुसऱ्याला करून पाहता येईल अशा वस्तूंचा तो माणूस होता.

१७७६ च्या नोव्हेंबरात माज्जोरे सरोवरावर, आंजेरा गावाजवळच्या लव्हाळ्यांत तो होडीतून फिरत होता. अमेरिकेत काही पाणथळींवर जळणारी हवा निघते, असे फ्रँकलिनने कळवले होते. व्होल्टाने काठीने तळाचा चिखल ढवळला, वर आलेले बुडबुडे उपड्या बाटलीत धरले आणि घरी नेऊन पेटवून पाहिले. निळसर ज्योत आली. आज आपण ज्याला मिथेन म्हणतो तो वायू असा सापडला. पुढे या वायूंना विजेच्या ठिणगीने पेटवणारे पिस्तूल त्याने केले, आणि कोमोपासून मिलानपर्यंत तार ओढून एका टोकाच्या विजेने दुसऱ्या टोकाचे पिस्तूल उडवता येईल, असेही १७७७ साली लिहून ठेवले. तार कोणी ओढली नाही. तारायंत्र यायला अजून साठेक वर्षे होती.

लवकरच त्याला पाव्हिया विद्यापीठात भौतिकशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. पुढची जवळजवळ चार दशके, मधले खंड सोडले तर, तो तिथेच राहिला. पॅरिस, लंडन, जर्मनी असा फिरला, मोठमोठ्यांशी मैत्री केली. मारियान्ना पारिस नावाच्या एका गायिकेवर त्याचा जीव जडला. रंगभूमीवर गाणारी बाई घरात येणार म्हणून घराण्याने इतका विरोध केला की ते लग्न झाले नाही. १७९४ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने तेरेसा पेरेग्रीनीशी विवाह केला. तीन मुलगे झाले. घरसंसाराच्या बाबतीत याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. पण हा उशिरा लागलेला संसार पुढच्या गोष्टीत ध्यानात ठेवावा लागतो.

त्या गोष्टीची सुरुवात बोलोन्यात झाली. लुइजी गाल्व्हानी हा तिथला शरीरशास्त्रज्ञ, व्होल्टाहून सात-आठ वर्षांनी मोठा, मवाळ आणि धर्मभीरू. मेलेल्या बेडकाच्या तंगडीला दोन निरनिराळ्या धातूंचा कमानीसारखा जोड लावला की ती उडते, हे त्याने अनेक वर्षे पाहिले, तपासले आणि १७९१ साली ग्रंथरूपाने मांडले. त्याचा निष्कर्ष असा की वीज प्राण्याच्या स्नायूंतच साठलेली असते. धातू तिला फक्त वाट करून देतो. व्होल्टाने प्रयोग करून पाहिले आणि प्रथम तो भारावून गेला. मग त्याला शंका येऊ लागली. एकाच धातूची कमान वापरली तर तंगडी क्वचितच हलते. दोन वेगळे धातू असतील तर हटकून उडते. असे का? त्याने जिभेच्या टोकावर कथलाचा पातळ पत्रा व मागे चांदीचे नाणे ठेवून दोन्हींची टोके जुळवली, तर जिभेला आंबट चव आली. इथे बेडूक नव्हता. वीज दोन धातूंच्या भेटीतून येते, आणि बेडकाची तंगडी ही ती वीज दाखवणारे एक नाजूक मापक आहे, इतकेच, असे त्याचे मत झाले.

मग त्याने धातू जोड्याजोड्यांनी पारखायला घेतले आणि त्यांची एक रांग लावली: एका टोकाला जस्त, मग शिसे, कथील, लोखंड, तांबे, चांदी, आणि दुसऱ्या टोकाला कोळशाच्या जातीचे ग्राफाइट. रांगेत दोन वस्तू जितक्या दूर, तितका त्यांच्या जोडीचा जोर अधिक. नई सडकेवरच्या फळीवर जो प्रश्न आमच्यापुढे होता, तोच मुळात व्होल्टापुढे होता: कशाबरोबर काय जोडावे, किती जोड्या घ्याव्यात, मध्ये काय भरावे. आजही बॅटरी बनवणारे या रांगेचेच फार लांबवलेले आणि सुधारलेले रूप पाहून पदार्थ निवडतात. लिथियम त्या लांबवलेल्या रांगेच्या अगदी टोकाशी बसते, म्हणूनच भाच्याची बॅटरी हलकी.

वाद पेटला. गाल्व्हानीच्या बाजूने धातूंना अजिबात न शिवता, एका बेडकाची उघडी शीर दुसऱ्याच्या स्नायूला टेकवून तंगडी उडवून दाखवण्यात आली. व्होल्टाला याचे चोख उत्तर देता आले नाही. गाल्व्हानी एवढ्यावर थांबला नाही. १७९५ साली तो एड्रियाटिक समुद्रकिनारी गेला आणि त्याने टॉर्पेडो माशांवर प्रयोग केले. आपल्याकडे पाकट ज्या कुळातला, त्या कुळाशी नाते सांगणारा हा चपटा मासा. याचे भाईबंद अरबी समुद्रातही आहेत. हात लावला की झिणझिणून टाकतो. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना मधाच्या पोळ्यासारखे उभे खांब असतात आणि प्रत्येक खांब म्हणजे पातळ चकत्यांची चळत. लंडनच्या हंटरने एका बाजूला असे सुमारे ४७० खांब मोजले होते. हा मासा गाल्व्हानीचा शेवटचा साक्षीदार होता. प्राण्यात वीज असते याचा याहून ढळढळीत पुरावा कोणता?

इथे राजकारण मध्ये आले. १७९६ साली नेपोलियनच्या फौजा उत्तर इटलीत उतरल्या आणि त्यांच्या छायेखाली नवे प्रजासत्ताक उभे राहिले. प्राध्यापकांनी त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यावी असा हुकूम निघाला. गाल्व्हानीने ती घेतली नाही. आपल्या धर्मश्रद्धेशी ती जुळत नाही, एवढेच त्याचे कारण. त्याची प्राध्यापकी गेली, पगार गेला. पुढे मित्रांच्या खटपटीने त्याला जागा परत देण्याचे ठरले. पण ४ डिसेंबर १७९८ रोजी तो भावाच्या घरी वारला. जगाला पटेल असा निकाल त्याच्या डोळ्यांसमोर लागला नाही.

व्होल्टाने वेगळी वाट धरली. ऑस्ट्रियाच्या राजवटीत तो त्यांचा प्राध्यापक होता, फ्रेंच आल्यावर फ्रेंचांचा झाला. १७९९ च्या वसंतात ऑस्ट्रियाच्या आणि रशियाच्या फौजा परतल्या, पाव्हिया विद्यापीठ बंद झाले आणि त्याचीही जागा गेली. घरी तीन लहान मुले, वय चौपन्न. तो कोमोला परतला. त्याच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम या नोकरी नसलेल्या महिन्यांत झाले.

आता त्याला गाल्व्हानीच्या त्या शेवटच्या साक्षीदाराला उत्तर द्यायचे होते. लंडनच्या निकल्सनने टॉर्पेडोच्या चकत्यांची नक्कल यंत्राने करता येईल का, याची चर्चा नुकतीच छापली होती, आणि ती व्होल्टाच्या वाचनात आली होती. त्याने माशाचा खांबच उचलला. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. पुन्हा चांदी, जस्त, पुठ्ठा. अशा वीसेक जोड्यांची चळत रचून त्याने तिच्या दोन्ही टोकांना ओले हात लावले, तेव्हा झटका बसला, आणि हात काढून पुन्हा लावला तेव्हा पुन्हा बसला. तोवरची वीज साठवणारी साधने एकदा ठिणगी टाकून रिती होत. ही चळत वाहत राहिली. २० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत लांबलचक पत्र लिहून हे कळवले आणि आपल्या यंत्राला कृत्रिम विद्युत्-अवयव असे नाव सुचवले. म्हणजे ज्या माशाला गाल्व्हानीने साक्षीला आणले होते, त्याचीच प्रतिकृती करून व्होल्टाने त्याचा पुरावा मोडीत काढला. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ते हे. वादात जिंकलेल्या माणसाचे यंत्र हरलेल्याच्या माशाच्या आकाराचे होते.

त्या पत्रात वापरणाऱ्याच्या अडचणींचाही विचार आहे. चळत उंच रचली की वरच्या वजनाने पुठ्ठ्यांतले पाणी पिळून खाली ओघळते. पुठ्ठे वाळले की वीज थांबते. म्हणून त्याने दुसरा प्रकार केला: मिठाचे पाणी भरलेल्या पेल्यांची ओळ आणि त्यांतून पुलासारख्या टाकलेल्या दोन धातूंच्या कमानी. हा जास्त टिकतो, पण हलवता येत नाही. हातात नेण्याजोगे काही हवे असेल तर चळतीला बाहेरून मेण किंवा डांबर लिंपून ओल आत कोंडावी, म्हणजे ती आठवडेच्या आठवडे चालेल, असेही त्याने सुचवले. वजन, टिकाऊपणा आणि नेआण यांची सांगड बॅटरीच्या जन्मापासूनच घालावी लागते आहे. अशा पंधराएक जोड्या एकावर एक ठेवल्या तर आजच्या मापाने बारा व्होल्टांच्या आसपास दाब मिळेल. पण प्रवाह इतका किरकोळ की भाच्याच्या यंत्राचा पडदा उजळणारही नाही. दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फळीवरचा नुसता बारा हा आकडा सांगत नाही.

पत्र छापून येण्याआधीच बँक्स यांनी ते ओळखीच्यांना दाखवले, आणि २ मे १८०० रोजी निकल्सन व कार्लाइल यांनी तशीच चळत रचून पाण्याचे दोन वायूंत विघटन केले. १८०७ साली हम्फ्री डेव्हीने बॅटरीच्या जोरावर पोटॅशियम आणि सोडियम वेगळे काढले. याच डेव्हीने १८२४ च्या सुमारास इंग्रजी लढाऊ जहाजांचा तांब्याचा पत्रा खाऱ्या पाण्यात झिजू नये म्हणून त्याला जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले: रांगेतला वरचा धातू स्वतः झिजतो आणि खालच्याला वाचवतो. तांबे वाचले, पण त्यावर शिंपले इतके चढले की जहाजे मंदावली. आज लोखंडी बोटींच्या तळाला, पंख्याजवळ जे जस्ताचे ठोकळे ठोकलेले दिसतात, ते याच विचाराचे वारस आहेत. खाऱ्या पाण्यातल्या कयाकीवर बॅटरीची पितळी टोके हिरवी पडतात तीही अशाच एका नकळत घडलेल्या, आपल्याला नको असलेल्या बॅटरीमुळे. म्हणून गोव्याच्या खाडीत हीच बॅटरी वापरणाऱ्याने ती बंद डब्यात ठेवावी आणि टोकांना ग्रीस लावावे. शिशाची बॅटरी असेल तर भरताना मात्र डबा उघडा हवा, कारण तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो.

मारेंगोच्या लढाईनंतर, १८०० च्या उन्हाळ्यात, फ्रेंच परतले आणि विद्यापीठ उघडले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात व्होल्टाला पॅरिसला बोलावण्यात आले. त्याने तिथल्या विद्वत्सभेपुढे प्रयोग केले आणि श्रोत्यांत स्वतः नेपोलियन होता. सुवर्णपदक, निवृत्तिवेतन, पुढे सिनेटरपद, १८१० साली सरदारकीचा किताब. सन्मानांची रीघ लागली. १८१४ मध्ये ऑस्ट्रियाचे राज्य परत आले, तेव्हा त्या राजवटीनेही त्याला विद्यापीठात मानाचे पद दिले. शपथ न घेता मेलेला गाल्व्हानी आणि प्रत्येक राजवटीत मान मिळवणारा व्होल्टा, ही तुलना चरित्रकारांना नेहमी टोचते. मला व्होल्टाला लबाड म्हणवत नाही. त्याने कोणाचा घात केला नाही, गाल्व्हानीच्या प्रयोगकौशल्याचा गौरव तो जाहीरपणे करीत राहिला. पण हेही खरे की ज्या चळतीने त्याला सिनेटवर नेले, तिने गाल्व्हानीचे नाव कितीतरी वर्षे झाकोळून टाकले; आणि हृदयाची व मेंदूची वीज कागदावर उमटू लागली, तेव्हा प्राण्यात वीज असते हे त्या बोलोन्याच्या माणसाचे म्हणणे खरे ठरले. व्होल्टाचेही म्हणणे पुरते टिकले नाही. वीज केवळ धातूंच्या स्पर्शातून येते असे तो अखेरपर्यंत मानत राहिला. मधल्या ओल्या पुठ्ठ्यात होणारी रासायनिक क्रिया हा तिचा खरा झरा आहे, हे इतरांनी दाखवून दिले.

विशेष असे की चळतीनंतर त्याने जवळजवळ नवे काही केले नाही. इंग्लंड-फ्रान्समध्ये त्याच्या यंत्राने रसायनशास्त्र पालटून टाकले जात होते आणि तो पाव्हियातून निवृत्तीचे अर्ज करीत होता. १८१४ साली त्याचा मधला मुलगा फ्लामिनिओ ऐन तारुण्यात गेला, आणि त्यानंतर त्याचे मन कशातच लागले नाही. १८१९ मध्ये तो कायमचा कोमोला आणि जवळच्या काम्नागो या आपल्या गावी परतला. ५ मार्च १८२७ रोजी तो वारला. त्याच दिवशी पॅरिसमध्ये लाप्लासनेही देह ठेवला.

१८८१ साली पॅरिसला भरलेल्या विद्युत्-परिषदेने विजेच्या दाबाच्या एककाला त्याचे नाव दिले. १८९९ साली, चळतीला शंभर वर्षे होत आली म्हणून, कोमोच्या लोकांनी सरोवराकाठी विजेचे मोठे प्रदर्शन भरवले आणि त्याची जपून ठेवलेली उपकरणे व कागदपत्रे तिथे मांडली. ८ जुलैला प्रदर्शनाला आग लागली आणि त्यांतले पुष्कळसे जळून गेले. राखेतून जे वाचले ते, आणि जे गेले त्याच्या नंतर करून घेतलेल्या प्रतिकृती, सरोवराच्या काठावरच १९२८ साली उघडलेल्या एका देवळासारख्या वास्तूत ठेवलेल्या आहेत.